दुसरं उत्तर

विभागीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा म्हणजे मास्तर, हे समीकरण सतरा वर्षांचं. वायरी टाकण्यापासून ते सुटलेल्या प्रश्नागणिक संघाच्या टेबलाला फुगा बांधण्यापर्यंत सगळीकडे त्यांची लुडबुड. एका बाबतीत मात्र ते कोणाचं ऐकत नसत. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनी, एकमेकांना न विचारता काढायचं. जुळलं तरच प्रश्न ठेवायचा. पहिलं उत्तर मास्तरांचं, दुसरं त्यांच्या मित्राचं. त्याला सगळे लांब्या म्हणत. सोळा वर्षं दोघं हमरीतुमरीवर येऊन भांडले आणि स्पर्धेत कधी चूक निघाली नाही.

गेल्या हिवाळ्यात लांब्या गेला. त्याच्या जागी कोण, असं विभागप्रमुखांनी दोनदा विचारलं. मास्तरांनी विषय टाळला. लांब्याच्या कामाला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना सोसवला नसता. दुसरी उत्तरंही त्यांनीच लिहिली. तंतोतंत जुळली. जुळणारच, डोकं एकच होतं ना!

स्पर्धेच्या दिवशी पाच तासांपैकी साडेचार सरले तरी पाचवा प्रश्न कोणालाच सुटेना. मास्तरांनी कागद घेऊन तो हातानं सोडवून पाहिला. त्यांचंच उत्तर चुकलं होतं. मागच्या टेबलावरच्या तीन मुलींनी चाळिसाव्या मिनिटालाच बरोबर उत्तर पाठवलं होतं. मास्तरांच्या उत्तराशी ताडून पाहणाऱ्या यंत्रानं ते चूक ठरवलं, आणि पुढचे तीन तास त्या त्याच प्रश्नाशी डोकेफोड करत बसल्या.

मास्तरांनी आपलं उत्तर सुधारून सगळ्या संघांची उत्तरं पुन्हा तपासून घेतली. तरी मुली तिसऱ्याच आल्या. पुढच्या फेरीत दोनच संघ जाणार होते, आणि मुलींचं हे शेवटचं वर्ष. गेलेला वेळ कोणत्याच नियमानं परत देता येत नव्हता. मास्तरांनी भर सभागृहात चूक कबूल केली, मग मुलींच्या टेबलाशी गेले.

"म्हणजे आमचं पहिल्यापासून बरोबर होतं?" त्यांच्यातल्या एकीनं विचारलं.

"पहिल्यापासून."

"तुमचं उत्तर कोणी तपासलं नव्हतं, सर?"

"तपासणारा गेला," मास्तर म्हणाले. "आणि दुसरा मी शोधलाच नाही."

तिनं मान हलवली, पण असू दे म्हणाली नाही. मास्तरांनीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती. दुःख त्यांचं होतं आणि त्याची किंमत या तीन पोरींनी मोजली होती.