शेजारचा मुलगा

माझ्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे असले की मला आणि माझ्या मुलाला गिरगावात पाठवायची आमच्या घरी पद्धत पडली होती. गिरगावात माझं माहेर. बाहेरून बघणाऱ्याला हेवा वाटावा, काय सासर आहे, सुनेला ऊठसूट माहेरी धाडतात. पहिल्यांदा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं. दुसऱ्यांदा नुसतं सांगितलं. नंतर नंतर तर पाहुण्यांचा दिवस ठरला की मीच पिशवी भरायला घ्यायची, पोह्यांची तयारी सुरू व्हायच्या आत.

आम्ही काळाचौकीच्या चाळीत राहतो. एक खोली, मोरी, वर पोटमाळा आणि बाहेर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक लांब गॅलरी. दिवसा कुणी दार लावत नाही. दुपारी दार बंद दिसलं तर आत कुणी आजारी आहे किंवा नवराबायकोचं वाजलंय, असं धरून चालायचं. मुलं कुठल्याही दारातून शिरतात आणि कुठे जेवली ते आईला संध्याकाळी कळतं. अशा मजल्यावर आम्ही एक गोष्ट लपवत होतो. म्हणजे आम्ही लपवत होतो आणि बाकीचे आपल्याला माहीत नाही असं दाखवत होते.

माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला ऑटिझम आहे, असं परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, मुलगे उशिराच बोलतात. बोलायचा म्हणाल तर तो बोलायचाही, पण स्वतःचं वाक्य नाही. कुठेतरी ऐकलेलं एखादं वाक्य त्याच्या मनात घर करायचं आणि तो ते जसंच्या तसं, त्याच आवाजात म्हणायचा. घाबरला की हॉस्पिटलच्या लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात म्हणायचा, "दरवाजा बंद हो रहा है." आम्हाला त्यावरून कळायचं की आता काहीतरी बिनसलंय. आई अशी हाक मात्र त्याने मला मारली नव्हती.

नणंद विमा कंपनीत नोकरीला, तिशीला टेकलेली. माझा मुलगा कुणाच्या अंगाला अंग लागू देत नाही, पण ती ऑफिसातून आली की तिच्या पाठीला पाठ लावून बसायचा. तिला बघायला येणारे लोक घराण्याची चौकशी करणारच. घरात असा मुलगा आहे म्हटल्यावर उद्या हिच्याही पोटी तसाच निघाला तर, हा प्रश्न कुणीही विचारणार. सासूबाईंची भीती अगदीच खोटी होती, असं मी म्हणत नाही. मला राग यायचा तो त्या भीतीवर काढलेल्या तोडग्याचा. तोडगा म्हणजे आम्ही दोघं.

त्या रविवारी दादरचं स्थळ यायचं होतं. सासूबाईंनी सकाळीच सांगितलं, "तू झिलाक घेवन जा गो गिरगावाक. पावणे गेले की मी फोन करतंय." आम्ही टॅक्सीने निघालो. वाटेत रस्ता खणून ठेवला होता म्हणून ड्रायव्हरने गाडी एका भलत्याच गल्लीत वळवली, आणि तिथेच सगळं फिसकटलं. मुलाला रस्ते पाठ असतात, ते बदललेले चालत नाहीत. त्याने काचेवर डोकं आपटायला सुरुवात केली, मग स्वतःचा हात चावला. ड्रायव्हर घाबरला, म्हणाला, ताई, उतरा तुम्ही. मुलगा फुटपाथवर आडवा झाला आणि ओरडत राहिला. माणसं जमली. चांगल्या कपड्यांतल्या एका गृहस्थांनी मला सल्ला दिला की लाडावलाय, दोन कानाखाली द्या, गप्प बसेल. मी त्यांना म्हटलं, तुमच्यापासून सुरुवात करू का? ते निघून गेले. त्या दिवशी माझ्याकडून झालेली तेवढीच एक बरी गोष्ट.

तो शांत झाला पण पुढे यायला तयार होईना. घराच्या दिशेने मात्र चालायला लागला. मी नवऱ्याला फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. पाहुण्यांसमोर वाजू नये म्हणून त्याने तो मुका करून ठेवला होता. मी ठरवलं, जिन्यात बसू, पाहुणे जाईपर्यंत त्याला बिस्किटं देत राहू. पण आमच्या मजल्यावर पोचताच त्याने हात सोडवून घेतला आणि गॅलरीतून धावत सुटला. दार अर्थातच उघडं होतं.

मी दारात पोचले तेव्हा तो आत होता. खिडकीखालच्या बाकड्याचं टोक ही त्याची जागा, आणि तिथे नवऱ्या मुलाची आई बसली होती. तो दोन्ही हातांनी तिला ढकलत होता आणि लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात सांगत होता, "दरवाजा बंद हो रहा है." नणंद सिल्कची साडी नेसून, ट्रे हातात घेऊन उभी होती. माझा नवरा पाहुण्यांशेजारी बसला होता, त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "शेजारचो आसा तो. चाळीत पोरां खयच्याय घरात शिरतत."

कुणालाही खरं वाटावं असंच होतं ते. कुठलंही मूल कुठल्याही घरात शिरतं, हे चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, आणि ते लोकही मूळचे चाळीतलेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे शेजारणीकडे. नवऱ्या मुलाच्या आईने उठून जागा करून दिली. "असू दे हो, लहान आहे," ती मला म्हणाली. मग हळूच विचारलं, अजून नीट बोलत नाही का? मी म्हटलं, नाही. बाई चांगली होती, हेच जास्त लागलं. मी मुलाला उचललं, तो लाथा झाडत होता, आणि त्याला घेऊन बाजूच्या काकूंच्या घरात गेले, जसं काही आम्ही तिथेच राहतो.

काकू लसूण सोलत होत्या. त्यांनी एक शब्द विचारला नाही, सुपातली लसूण खाली ठेवली आणि मुलाला बसायला जागा केली. तो बसेना, परत आपल्या खिडकीकडे जायला बघत होता. मी त्याला धरून ठेवलं. दोन घरांमधली भिंत म्हणजे लाकडी पार्टिशन, पलीकडचं सगळं ऐकू येतं. नवऱ्या मुलाच्या आईने घरातल्यांची चौकशी केली तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, सून नातवाला घेऊन माहेरी गेलीय, नातू फार मस्तीखोर आहे, बोलून बोलून डोकं खातो, पाढे पाठ आहेत त्याचे. त्या सांगत होत्या तो नातू मला कुठे भेटला असता तर मलाही आवडला असता. काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पाहुणे गेल्यावर नवरा आम्हाला न्यायला आला. मी त्याला काय काय बोलले ते काकूंनी आणि पलीकडच्या दोन घरांनी ऐकलं असणार. त्याचं म्हणणं, आयत्या वेळी दुसरं काय सांगणार होतो? एकदा लग्न होऊ दे, मग सावकाश सांगू. मी विचारलं, साखरपुड्याला आम्ही दोघं कोण म्हणून यायचं? शेजारी म्हणून? तो म्हणाला, "तू त्याला घेऊन घरी थांबलीस तर?" त्याने हे आधीच मनात पक्कं केलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि मला त्याची पहिल्यांदाच किळस आली.

दादरहून होकार आला. सासूबाईंनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले, बाजूच्या काकूंनाही दिले. नणंद संध्याकाळी दादरच्या मुलाशी बोलायला फोन घेऊन जिन्यात जाऊन बसायला लागली. परत यायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

त्याच आठवड्यात माझ्या मुलाला नवीन वाक्य मिळालं. पहिल्यांदा मोरीत आंघोळ घालताना म्हणाला, "शेजारचो आसा तो." हुबेहूब सासूबाईंचा आवाज, शेवटी ते छोटंसं हसूही. मग दिवसभर तेच. दात घासताना, खिडकीत बसून, थेरपीच्या बाईंसमोर. बाईंना मालवणी येत नव्हती. त्यांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्या क्षणी घरातलं वातावरण फार ताणलेलं असतं, त्या क्षणातलं वाक्य कधी कधी असं रुतून बसतं. त्याला अर्थ कळत असेल का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते आपण सांगू शकत नाही.

सासूबाई आधी त्याला गप्प करायच्या. मग ऐकून न ऐकल्यासारखं करायला लागल्या. एका दुपारी त्या त्याला वरणभात भरवत होत्या. नातवाचं सगळं खाणंपिणं त्यांच्याच हातचं, हे मी नाकारत नाही. घास तोंडाशी नेला आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत, त्यांच्याच आवाजात म्हणाला, "शेजारचो आसा तो." त्यांनी ताट खाली ठेवलं. पदराने त्याचं तोंड पुसलं. मला वाटलं होतं, ही वेळ आली की मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

दोन दिवसांनी त्यांनी दादरला फोन केला. आम्हा कुणालाच विचारलं नाही. मी गॅसपाशी उभी होते. त्या शक्य तितक्या शुद्ध भाषेत बोलत होत्या. "त्या दिवशी आला होता तो माझा नातू. मुलाचा मुलगा. त्याला आजार नाही, पण तो असा आहे. मी खोटं बोलले." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, आमच्या घराण्यात आधी कुणी होतं का ते मला ठाऊक नाही, आणि पुढे कुणी होईल का तेही नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कढी उतू जातेय, एवढंच म्हणाल्या.

तिकडून कळवतो म्हणाले होते. काही दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर पाहुणे बघायला यायच्या आधीच जुळल्या होत्या. घरात कुणीच काही बोललं नाही. मजल्यावर मात्र सासूबाईंनी विचारणाऱ्या प्रत्येकीला खरं कारण सांगितलं, न कुजबुजता, दारात उभं राहून. माझा नवरा तेव्हा आत पेपर वाचत बसायचा.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी नणंद बाकड्यावर कपड्यांच्या घड्या करत होती. मी मदतीला बसले. असल्या लोकांच्या घरात जाण्यापेक्षा हे बरं झालं, वेळीच कळलं, अशी वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती. पण तीच आधी बोलली.

"मला तो आवडला होता, वहिनी."

ती एकाच टॉवेलची पुन्हा पुन्हा घडी घालत होती. तिने त्याला स्वतः फोन करून विचारलं होतं, तुझं काय म्हणणं आहे? तो म्हणाला होता, आई घाबरलीय, मी काय करू? मग तिनेही फोन ठेवून दिला. तिला रडू आवरत नव्हतं आणि ती ते मला दिसू नये म्हणून खाली बघत होती.

मला तिच्यासाठी फार वाईट वाटत होतं. तिचा हात धरून सांगावंसं वाटत होतं की सासूबाईंनी दादरला तो फोन करायला नको होता. तेवढं म्हटलं असतं तर तिला थोडा आधार झाला असता. पण ते माझ्या तोंडून निघेना. त्या फोनने माझा मुलगा पुन्हा या घरचा झाला होता, आणि त्यासाठी तिचं लग्न मोडलं असतानाही मला तो फोन हवाच होता. तिला ते कळलं असावं. तिने उरलेले कपडे माझ्याकडे सरकवले आणि ती उठून बाहेर गॅलरीत गेली.