कुलपाची किल्ली कुणाकडे

मला गावात बेडूक म्हणतात. आमच्या या कोळशाच्या किनाऱ्यावर बेडूक म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीला डोळे लावून बसणारा माणूस. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ते चिकटलं, आणि खरं सांगायचं तर मी ते कमावलंय. गोलरक्षकाला दुसरं काम काय असतं? नव्वदातली ऐंशी मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं, कोण दमलाय, कोण लंगडतोय, कोण कुणाकडे बघून हसला. ही सवय मैदानाबाहेरही सुटली नाही. बायको म्हणते, रेमिहियो, तू चर्चमध्येसुद्धा प्रार्थना सोडून पाद्र्याचे हात बघत असतोस.

या डोळ्यांनी मी सगळ्यात जास्त कुणाला पाहिलं असेल, तर ओस्मान सान्वेसाला.

ओस्मान आमच्या एस्त्रेया क्लबच्या मधल्या दोन बचावपटूंतला उजवीकडचा. त्याचा बाप खाणकामगार, आजा खाणकामगार. खाण समुद्राच्या तळाखाली गेलेली, आणि गावातल्या प्रत्येक पोराची वाट तिथेच जायची. अठराव्या वर्षी ओस्मानही एक हिवाळा खाली उतरला आणि मग एकाएकी वर आला तो कायमचा. बापाने सगळ्यांना सांगितलं, पोराला आता फुटबॉलच खेळायचाय. मला तेव्हाच वाटलं होतं की यात काहीतरी पाणी मुरतंय. बांधलेला पगार सोडून कुणी असा वर येतो होय?

खेळायचा मात्र असा की वैऱ्यानेही नाव घ्यावं. उंच, हाडकुळा, कोपर न मारणारा, शिवी न देणारा. समोरचा चेंडू घेऊन त्याच्यापर्यंत यायचा आणि तिथेच त्याचं काम संपायचं. लोक त्याला कुलूप म्हणत. लाकडी गॅलरीतून आरोळी यायची, लागलं रे लागलं, कुलूप लागलं. आठ वर्षं तो माझ्या पुढे उभा होता. त्याच्यामुळे किती गोल वाचले ते मला माहीत आहे, आणि त्यातल्या किती गोलांची वाहवा मी खाल्ली तेही मला माहीत आहे.

तरी त्याच्यावर माझा विश्वास नव्हता. त्याच्या एकेक गोष्टी मला खटकायच्या. चार पावलं टाकली की मान वळवून मागे बघायचा. प्रशिक्षक म्हणायचा, बचावपटू असावा तर असा, पाठीलाही डोळे. मी म्हणायचो, पण हा बघतो कुणाकडे? मागे मी, आणि माझ्या मागे बाहेरगावच्या पाहुण्यांची गॅलरी. बसमध्ये तो नेहमी उजव्या खिडकीशी बसायचा, आधी कुणी बसलेलं असलं तर त्याला उठवायचा. जेवायला टेबलाच्या उजव्या टोकाला. मुक्कामाच्या खोलीत उजव्या भिंतीला लागून खाट. विनोद सांगितला तर सगळे हसून झाल्यावर हसायचा. आणि कधी कधी तर शेजारी चालताना तुम्ही काही विचारावं आणि याने उत्तरच देऊ नये. बाकीचे म्हणायचे, गर्विष्ठ आहे. मी म्हणायचो, गर्विष्ठ माणूस समजू शकतो, पण हा काहीतरी लपवतोय.

आता चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या नोव्हेंबरातल्या रविवारचं सांगतो.

हंगामातला शेवटचा सामना, आमच्याच मैदानावर, उत्तरेतल्या वाळवंटाकडच्या एका संघाशी. बरोबरी झाली असती तरी आम्ही वरच्या श्रेणीत राहिलो असतो. ओस्मानचा जोडीदार, मधला डावीकडचा बचावपटू, निलंबित होता आणि बदली खेळाडूला फक्त उजवी बाजू जमायची. प्रशिक्षकाने ओस्मानला सांगितलं, आज तू डावीकडे. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्याला गयावया करताना पाहिलं. डावीकडे नको, कुठेही ठेवा पण डावीकडे नको. प्रशिक्षक म्हणाला, गोल एकच आहे बाबा, बाजू कुठली का असेना. मी बूट बांधता बांधता हे ऐकलं आणि मनात गाठ मारली. याला आज उजवीकडेच का हवंय? तिथे काय ठरलंय?

त्र्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य. मग आमच्या उजव्या बाजूने एक उंच चेंडू आत आला. ओस्मान डावीकडून धावत आला, मी गोल सोडून पुढे आलो. आमच्या धंद्यात एक नियम आहे, तो पोरं अक्षरं शिकायच्या आधी शिकतात. गोलरक्षकाने 'माझा' अशी हाक मारली की चेंडू त्याचा, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. हाक नाही आली तर चेंडू बचावपटूचा. ओस्मानने उडी मारली, चेंडू डोक्याने मागे, आडव्या दांडीवरून बाहेर घालवायला गेला, आणि तो दांडीच्या खालून आत गेला. मी बाहेर आलो नसतो तर तो माझ्या हातातच पडला असता. गोल रिकामा होता.

सामना संपला, आम्ही खालच्या श्रेणीत घसरलो. रेडिओवाल्याने माझ्या तोंडापुढे माईक धरला. मी दोन वाक्यं बोललो. "मी हाक मारली. त्याने ऐकली."

बस, एवढंच. पण दुसऱ्या वाक्याचं काय झालं ते सगळ्या किनाऱ्याने पाहिलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणजे मुद्दाम केलं. मुद्दाम केलं, म्हणजे कुणीतरी करायला लावलं. अंधार पडायच्या आत ओस्मानच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं: कुलपाची किल्ली कुणाकडे? पुढे ही आमच्या गावची म्हणच झाली. दुकानात कुणी वजनात मारलं तरी लोक म्हणत, याची किल्ली कुणाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओस्मान माझ्या घरासमोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहिला. हातात टोपी. मी पडद्याआडून बघत होतो. मला वाटलं, हा आता मला धमकावणार, नाहीतर गप्प बसायला सांगणार. मी दार उघडलं नाही. अर्ध्या तासाने तो गेला.

जानेवारीत बातमी आली की त्याने करार केलाय, आणि तोही त्याच उत्तरेतल्या संघाशी. मी वर्तमानपत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. आता आणखी काय पुरावा हवा होता?

तो तिकडे नऊ वर्षं खेळला, दोनदा कर्णधारही झाला. इकडे त्याचे आईबाप राहिले. कामगार संघाच्या सभेत त्याच्या बापाशेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. आमच्याकडे बायका रस्त्यावरच्या सामाईक भट्टीत पाळीपाळीने पाव भाजतात. त्याच्या आईची पाळी आली की बाकीच्या आपापल्या परड्या उचलून घरी जायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. आज लिहिताना लाज वाटते.

खाण बंद पडली, त्याचे आईबाप गेले. ओस्मान परत आला, पण गावात नाही. दोन टेकड्या पलीकडे कोळ्यांच्या वस्तीत, बहीण एल्सिराकडे राहिला. जाळी दुरुस्त करायचा. आमच्या मैदानात त्याने कधी पाऊल टाकलं नाही.

मग क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली. अध्यक्षबाई दोन्या फ्रेसिया यांनी ठरवलं की कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर आजवरच्या अकरा उत्तम खेळाडूंची नावं रंगवायची. दहा नावांवर कुणाचंच भांडण नव्हतं, त्यांत माझंही होतं. अकराव्यावर सभा अडली. अर्धे म्हणाले ओस्मानपेक्षा चांगला बचावपटू झाला नाही, अर्धे म्हणाले विकल्या गेलेल्याचं नाव भिंतीवर लागलं तर आम्ही स्वतः चुना फासू. शेवटी दोन्या फ्रेसिया माझ्याकडे वळल्या.

"रेमिहियो, त्या दिवशी त्याच्या जवळ तुम्हीच होता. त्याला भेटून या. परत येऊन सांगा की त्याने जाणूनबुजून केलं, तर नाव लागणार नाही. कायमचं. सांगा की नाही केलं, तर लागेल. तुम्ही म्हणाल ते."

मी म्हटलं, भेटायची गरजच काय, मी आत्ताच सांगतो. त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षं तुम्ही लांबूनच सांगताय."

म्हणून गेलो. रविवारी दुपारच्या चहाच्या वेळेला. एल्सिराने दार उघडलं आणि मला पाहून ती बाजूला झाली. ओस्मान टेबलाच्या टोकाला बसला होता, मांडीवर जाळं. केस पांढरे, पण पाठ ताठ. मी जवळची खुर्ची ओढली, तर तो म्हणाला, तिथे नको, इकडे बस, आणि डावीकडची खुर्ची पुढे सरकवली. झालं, माझं डोकं सुरू झालं. ही खुर्ची का? त्या खुर्चीत काय आहे?

मी आलो कशाला ते सांगितलं. भिंतीचं, सभेचं, माझ्या शब्दावर सगळं अडलंय ते. तो सुतळी ओढत राहिला. म्हणाला, "तुझ्या शब्दावर मागेही बरंच काही अडलं होतं."

एल्सिराने गरम पाव आणला, टोमॅटो आणला. मग त्याच्या उजव्या खांद्याशी उभी राहून हळूच विचारलं, साखर किती घालू? तो गप्प. माझ्या मनात आलं, बघा, बहिणीशीसुद्धा तोच तोरा. पण एल्सिरा चिडली नाही. ती टेबलाला पूर्ण वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला आली आणि तेच, तितक्याच हळू, पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "दोन."

माझा हात पावावरच राहिला. बसची उजवी खिडकी, टेबलाचं उजवं टोक, भिंतीला लागून खाट, मागे वळणारी मान, उशिराचं हसू. आठ वर्षं मी एकेक गोष्ट टिपून ठेवली होती आणि एकाही गोष्टीचा अर्थ मला लागला नव्हता. त्या रविवारी तो माझ्या डावीकडून धावत आला तेव्हा माझ्याकडे त्याचा कुठला कान होता, तेही आठवलं.

"तुला उजव्या कानाने ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"एवढं कळायला बेडकाला चौतीस वर्षं लागली."

खाणीत त्या हिवाळ्यात एक सुरुंग वेळेआधी उडाला होता. कान तेव्हाच गेला. क्लबच्या डॉक्टरने तपासलं तेव्हा याने त्याच्या ओठांवरून ओळखून उत्तरं दिली. हे तो इतक्या साधेपणाने सांगत होता की मला राग आला. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललास? सगळं गाव तुला विकला गेलेला म्हणत होतं.

"विकला गेलेला बचावपटू दुसरा क्लब घेतो, रेमिहियो. बहिरा कोण घेतो? मला अजून खेळायचं होतं. दोन नावांतलं एक घ्यायचं होतं, ते घेतलं."

"आणि आई? भट्टीवर तिचे काय हाल झाले ते..."

"आईला माहीत होतं," एल्सिरा म्हणाली. "ती एकटी पाव भाजून यायची आणि गप्प राहायची. एक शब्द बोलली असती तर याचा खेळ संपला असता."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. ओस्मानने जाळं बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"आता तू मला एक सांग. त्या सकाळी हेच विचारायला आलो होतो. तू पडद्यामागे होतास. पडदा आखूड होता, तुझे पाय दिसत होते." तो पुढे वाकला. "तू हाक मारली होतीस का?"

तोपर्यंत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की मी हाक मारली. एकट्या त्यालाच ते माहीत असणं शक्य नव्हतं. तो माझ्या शब्दावर चौतीस वर्षं जगला होता, आणि मी आता 'मारली' म्हटलं असतं तरी त्याने ते मानलं असतं.

आयुष्यभर मी प्रत्येकावर संशय घेतला, एकाच माणसाला वगळून. तो का वगळला तेही मला माहीत होतं. चेंडू हवेत असताना मी घुटमळलो, मग उशिरा धावलो. तोंड उघडलं होतं. आवाज निघाला नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. हाक राहूनच गेली. रेडिओवर खोटं बोललो."

मला वाटलं, आता हा हात उगारेल, आणि उगारला असता तर मी चेहरा पुढे केला असता. त्याने नजर टेबलाकडे वळवली. मग त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"म्हणजे तो चेंडू माझा होता," तो म्हणाला. "मला वाटत होतं, मी तुझा चेंडू घेतला. इतकी वर्षं मला वाटत होतं..." टेबलावरची नजर न उचलता तो पुढे म्हणाला, "एल्सिरा, चेंडू माझाच होता गं."

एल्सिरा आता पुन्हा त्याच्या उजव्या बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, "हो रे, तुझाच." त्याला ते ऐकू गेलं नसणार.

मंगळवारी सभेत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, रेडिओपासून पडद्यापर्यंत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, मग बेडकाचं नाव काढा. दोन्या फ्रेसिया म्हणाल्या, नाही काढायचं, राहू दे ओस्मानच्या नावाजवळ, रोज बघायला बरं.

आता भिंतीवर आमची नावं एकाखाली एक आहेत. दुकानात मी शिरलो की लोक बोलायचे थांबतात, बायकोला भट्टीवर प्रश्न विचारतात. समारंभाला ओस्मान आला होता, चौतीस वर्षांनी पहिल्यांदा. मी त्याच्या डावीकडे बसलो. त्यानंतर चारच दिवसांनी माझ्या नावाखाली कुणीतरी खिळ्याने दोन शब्द कोरलेले दिसले: हाक मार.

दोन्या फ्रेसियांनी रंगारी पाठवू का विचारलं, मी नको म्हटलं. कुणी कोरलं असेल याचा मला दाट संशय आहे. अक्षरं नीट, एकसारखी आहेत, जाळं विणणाऱ्या हाताची.