स्टेट कुठे लिहायची

ही गोष्ट पूर्ण सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या एका विद्यार्थिनीने व्हायव्हा गाजवला, एवढंच सांगत आलो. ते खरंही आहे.

गोंदियात मी एमएस्सीला कॉम्प्युटरची थिअरी शिकवायचो. त्यात एक काल्पनिक मशीन असतं. चौकटींची न संपणारी टेप, आणि एका वेळी एकच चौकट वाचणारं हेड. मशीनच्या त्या क्षणीच्या अवस्थेला स्टेट म्हणतात. माझ्या नोट्समध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या: स्टेट, टेपवरची ०, १ ही अक्षरं आणि हेड कितव्या चौकटीवर आहे तो आकडा.

सडक अर्जुनीची वनिता माझ्याकडे प्रोजेक्ट करत होती. तिने स्टेटचं अक्षर टेपच्या ओळीतच घातलं. ०१क१० म्हणजे स्टेट क, आणि हेड त्याच्या पुढच्या १ वर.

"स्टेट टेपवर नसते," म्हणत मी लाल रेघ मारली.

"कागदावर लिवाले काय जाते, सर? तुमच्या पद्धतीत आकडा वाढतच जाऊन राहिला."

"गाईड मी आहे. नोट्सप्रमाणे लिही."

तिने लिहिलं.

व्हायव्हाला नागपूरहून परीक्षक आले. मशीनची प्रत्येक हालचाल अक्षरं बदलण्याच्या मोजक्या नियमांत बसवता येते, हे वनिताला सिद्ध करायचं होतं. परीक्षकांनी रिपोर्ट चाळला. "प्रत्येक नियमात चौकटीचा आकडा आहे. मग नियम किती?"

"संपणारच नाहीत, सर."

"मग सिद्धता पडली."

चूक माझी होती. मी पाण्याचा ग्लास उचलला.

वनिताने खडू उचलला. स्टेटचं अक्षर ओळीत घातलं की हेड सरकताना फक्त त्याच्या शेजारची अक्षरं बदलतात. बाकीची ओळ जशीच्या तशी. आकडा लागतच नाही. लिहिलेल्या ओळीच्या टोकांसाठी जास्तीचे नियम लागतात, तेही तिने न विचारता लिहिले. दहा मिनिटांत सिद्धता उभी. अर्धा फळा कोराच राहिला.

"क्या बात है!" परीक्षक उभे राहिले. "पुस्तकांत हीच पद्धत असते. कुठलं वाचलंस?"

"पुस्तक नाही, सर. आमच्याकडे नोट्सच वाचाले सांगतात."

"मग रिपोर्टात ही का नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी सुचवली होती," मी म्हणालो. "हिने ऐकलं नाही."

तिने खडू खाली ठेवला. रिपोर्टचे मार्क कापले गेले, तरी ती पहिली आली. पुढे पीएचडी केली. आज हाच विषय शिकवते, आणि पहिल्याच तासाला मांडणीच्या दोन्ही पद्धती फळ्यावर लिहिते, असं ऐकतो. मांडणी चुकली की खरी गोष्टही सिद्ध होत नाही, हे मला मुलांना कधी सांगायला सुचलं नाही.

पीएचडी झाल्यावर ती पेढे घेऊन गोंदियातल्या मुर्रीत माझ्या घरी आली होती. तासभर बसली. मी म्हणालो, "वनिता, त्या दिवशी..."

"काय, सर?"

"काही नाही. चहा घे."