दोन व्याही आणि तीन मिलिमीटर

मिस्त्री आणि त्यांचे व्याही पहिल्यांदा भेटले तेव्हा भूकंप झाला नाही, एवढंच. पोरांनी आपलं आपण जमवलं होतं. मोठ्यांनी नुसती तोंडओळख करून घ्यायची होती. मिस्त्रींच्या दारात आधी मोजपट्टी आली, मग तिच्या मागून गृहस्थ आले. त्यांनी होणारी सून पाहिली नाही, समोर धरलेला पाण्याचा पेला पाहिला नाही. पाहिली ती दाराची चौकट. मान डावीकडे कलली, उजवीकडे कलली, एक डोळा मिटला. "दोन मिलिमीटर," ते म्हणाले, आणि भिंतीवरच्या घड्याळालाही टिकटिक करायची लाज वाटली. चौकट मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी बसवलेली. ते पुढची वीस मिनिटं नुसते हसत राहिले. जबडा तीन दिवस दुखत होता.

व्याही नकाशांच्या कचेरीत छत्तीस वर्षं रेघा मारून निवृत्त झालेले. मिस्त्रींची हयात गेली नजरेवर. सगळा बाजार त्यांना डोळामिस्त्री म्हणायचा. फळीकडे बघून ते माप सांगत आणि ते बहुतेक बरोबर निघे. या 'बहुतेक'मुळेच त्यांच्या खुर्च्या एका आईच्या लेकरांसारख्या असत: तोंडवळा एक, उंची ज्याची त्याची.

घोडं अडलं ते इथंच. नव्या वाचनालयाला चोवीस खुर्च्या हव्या होत्या आणि ग्रंथपालबाईंची अट एकच, सगळ्या हुबेहूब सारख्या. तीस वर्षं लोकांच्या कपाटांना दारं लावून मिस्त्री विटले होते. एका दालनात आपल्या खुर्च्यांची रांग लागावी, लोकांनी त्यांवर बसून तासन्‌तास वाचावं, एवढी एक हौस उरली होती. त्यांनी छातीठोकपणे हो म्हटलं आणि घरी येऊन डोक्याला हात लावला.

"सासऱ्यांना विचारते," मुलगी फोनवर म्हणाली. नको म्हणायच्या आत तिनं विचारलंही होतं.

दुसऱ्या दिवशी व्याही फर्मा, म्हणजे आकार उतरवायचा साचा, घेऊन हजर. पाठीच्या बाकदार पायाचा, जाड प्लायवूडमधून कापलेला, कडा आरशासारख्या. आता हा फर्मा लाकडावर ठोकायचा, राउटर नावाचं लाकूड कोरायचं यंत्र हातात धरायचं आणि फर्म्याच्या कडेकडेनं फिरवायचं. खाली गरगरणारं पातं लाकूड त्याच आकारात कापत जातं. पात्याभोवती एक पितळी कॉलर असते. ती फर्म्याला घासत जाते, म्हणून पातं फर्म्याला खात नाही. फक्त त्या कॉलरमुळे पातं कडेपासून तीन मिलिमीटर लांब चालतं. म्हणजे फर्मा तेवढा बारीक हवा. छत्तीस वर्षं कागदावर काम केलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार?

चाचणीचा पाय निघाला तो गरगरीत. चाळीस मिलिमीटरचा शेहेचाळीस, दोन्ही कडांना तीन-तीन जास्त. मिस्त्रींना ते लांबूनच दिसलं. व्याह्यांनी पाय हातात घेतला, मोजला, पुन्हा मोजला आणि कान लाल करून खाली ठेवला. दोघंही एकदम हवेबद्दल बोलू लागले.

"सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"मुलीच्या सासऱ्याला? तुमचं माप चुकलं म्हणून?"

"मग काय करणार?"

"बघतो माझं मी."

मिस्त्रींनी बाजारातून बेअरिंगचं पातं आणलं. त्याच्या टोकाला पात्याच्याच रुंदीची बेअरिंग असते, तीच फर्म्यावर फिरते, अंतराची भानगडच नाही. फर्मा जेवढा, लाकूड तेवढं. तिकडे व्याहीसुद्धा स्वस्थ बसले नव्हते. 'कडा जरा घासून आणतो' म्हणून फर्मा घरी नेला आणि सगळीकडून तीन मिलिमीटर उतरवून आणला.

"जरा गुळगुळीत केला," व्याही म्हणाले.

"मीही पातं बदललं. धार गेली होती," मिस्त्री म्हणाले.

इतकं शुद्ध सौजन्य त्या कारखान्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या पायालाच मिस्त्रींनी राउटर थांबवलं. पाय काडीपैलवान दिसत होता. पण आदल्या दिवशीचा गलेलठ्ठ पाय बघून नजर बिघडली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पट्टी लावावी, तर व्याही समोर स्टुलावर बसलेले. त्यांच्यादेखत त्यांचा फर्मा तपासायचा म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवायचा. तीस वर्षं ज्या डोळ्यानं पोट भरलं, तो डोळा कानीकपाळी ओरडत होता, आणि मिस्त्री त्यालाच गप्प बसवत होते. दोन दिवसांत अठ्ठेचाळीस पाय झाले. सगळे हुबेहूब सारखे. व्याह्यांनी प्रत्येकावरून हात फिरवला. पट्टी त्यांनीही काढली नाही. कारागिराचं काम मोजणं बरं दिसत नाही, हे ते चौकटीच्या प्रसंगानंतर घरच्यांकडून ऐकून ऐकून शिकले होते.

शुक्रवारी ग्रंथपालबाई पहिली खुर्ची बघायला आल्या. सांध्यासाठी खाच पाडल्यावर पायाला दोन्ही बाजूंनी पोस्टकार्डाच्या जाडीएवढं लाकूड उरलं होतं. बाई टेकल्या, मागं रेलल्या, "छान आहे," म्हणाल्या आणि कर्र झालं. मिस्त्रींनी त्यांना वेळेवर धरलं. बाईंनी पदर सावरला, तुटक्या पायाकडे पाहिलं आणि फार हळू विचारलं, "बाकीच्या तेवीसही अशाच का?"

"अगदी अशाच," मिस्त्री म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बाई गेल्यावर त्यांनी पट्टी काढली. चौतीस.

"व्याही, तुम्ही फर्म्याला काय केलंत?"

"तीन मिलिमीटर काढले. कॉलरचे. माझी चूक होती ना."

"मी कॉलरच काढून टाकली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोललात?"

व्याह्यांनी फर्मा उचलून भिंतीला टेकवला. मिस्त्रींना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की या माणसानं काहीतरी टोचून बोलावं, चौकट वाकडी आहे म्हणावं, काहीही म्हणावं. व्याही म्हणाले, "लाकूड मात्र उत्तम होतं हो."

मिस्त्रींनी हातातला पाय कोपऱ्यात भिरकावला. तसलं वाळलेलं लाकूड पुन्हा मिळायला सहा आठवडे लागणार होते आणि वाचनालय उघडणार होतं पंधरा दिवसांत. तरी ते दोनदा जाऊन आले, मुदत मागितली, एक खुर्ची नुसत्या नजरेनं करून दाखवली. ती बाईंना आवडली. हुबेहूब तशाच चोवीस पंधरा दिवसांत होतील का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मिस्त्री खोटं बोलले नाहीत.

वाचनालयानं लोखंडी घडीच्या खुर्च्या घेतल्या.