आभारप्रदर्शनाची नक्कल

एप्रिलमधल्या त्या दुपारी सभागृहाच्या उघड्या दारांतून निलगिरीच्या ओल्या सालीचा वास येत होता, स्वयंपाकघरातून भाजलेल्या पापडाचा, आणि दोन्ही मिसळून असा काही दरवळ झाला होता की क्षणभर आपण नेमके कुठे आहोत हे कळू नये. जयंतीचा कार्यक्रम संपत आला होता. बाहेर दक्षिण गोलार्धातल्या पानगळीचं तिरपं, मधाळ ऊन गाड्यांच्या टपांवर उतरलं होतं, आणि मी मंचावर, चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढून, एका वृद्ध माणसाची नक्कल करत होते.

तो माणूस म्हणजे मेश्रामकाका. युनिव्हर्सिटीपासूनची माझी मैत्रीण सुजाता, तिचे वडील. विदर्भातल्या एका लहान गावात शिक्षक म्हणून आयुष्य काढून, पत्नी गेल्यावर ते परदेशी, इथल्या कॅसल हिल उपनगरात मुलीकडे राहायला आले, तेव्हा आमच्या मंडळाने त्यांच्याकडे आभारप्रदर्शन सोपवलं. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी, सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असताना, काका खिशातला कागद उलगडत, घसा साफ करत आणि सुरू होत: खुर्च्या मांडणारे, भांडी विसळणारे, हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानांतून जिलेबीची खोकी आणणारे, सभागृहाची किल्ली देणारी बाई. प्रत्येकाचं पूर्ण नाव, आधी 'आदरणीय'. वीस मिनिटं सहज जात. मुलं फोनमध्ये डोकं घालत, मोठी माणसं वरणाच्या पातेल्याकडे पाहत.

उपहास माझ्या घरातलाच होता. माझे वडील तरुणपणी जलशात काम करत. गावोगाव फिरून ते पुढाऱ्यांची, पंचांची सोंगं काढत, आणि ज्याचं सोंग तो समोरच पहिल्या रांगेत बसलेला असे. एका गावात त्यांच्या कपाळावर दगड बसला होता. ती खूण मी लहानपणी बोटाने चाचपून पाहायची. आणि आता मी ज्या देशात राहते तिथे पंतप्रधानांची टर टीव्हीवर राजरोस उडते. ऑफिसात तर कुणी तुमची टिंगल करू लागलं की आपण त्यांच्यातले झालो असं खुशाल समजावं. या दोन्हींची वारसदार मीच, अशा थाटात मी ते प्रहसन लिहिलं. त्यात मी माइकचे आभार मानले, पंख्याचे, गळक्या नळाचे, चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचे; सगळे आदरणीय. लोक डोळे पुसत हसले.

काकाही हसले. मी खाली उतरले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "हुबेहूब केलंस बेटा. खोकलासुद्धा माझाच."

मग ते माइकपाशी गेले. हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. "सगळ्यांचे आभार," एवढंच म्हणून ते उतरले. हा प्रहसनाचाच उत्तम शेवट आहे असं समजून सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. मीसुद्धा.

पुढच्या दोन कार्यक्रमांना त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. तिसऱ्या वेळी मी सुजाताला फोन केला. "बाबा आता बोलणार नाहीत. इट्स ओके," ती म्हणाली, आणि मग, जणू सांगावं की नाही हे ठरवून, तिने सांगितलं. गावातल्या प्रत्येक सोहळ्यात काकांचे वडील पहाटेपासून मांडवासाठी खड्डे खणत, पाणी भरत. संध्याकाळी व्यासपीठावरून सगळ्यांचे आभार मानले जात, ज्याने नुसते बैल दिले त्याचेही. काकांच्या वडिलांचं नाव कधीच येत नसे. लहानगे काका मांडवाच्या दोरीबाहेर उभे राहून दर वर्षी यादी शेवटपर्यंत ऐकत. "म्हणून त्यांची यादी लांबते गं," सुजाता म्हणाली.

वडिलांच्या सोंगांवर दगड येत. माझ्या सोंगाला टाळ्या मिळाल्या. तेवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी कॅसल हिलला गेले. परसात जॅकरांडाच्या फुलांचा जांभळा सडा पडला होता आणि काका मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. मी माफी मागितली. वाक्यं गाडीत जुळवून आणली होती, तरी ती अडखळलीच.

"तू खोटं काय केलं त्याच्यात?" घरात बोलत त्या वऱ्हाडीत ते म्हणाले. "लांबतच होतं माझं. लोकं भुकेले राहत."

"पुढच्या वेळी बोला ना, काका. माझ्यासाठी."

त्यांनी नळ बंद केला. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता; शाळेत एखादं गणित समजावत असतील तसं ते म्हणाले, "आता बोलाले उभा राहायचं म्हटलं का मले तूच दिसते, चष्मा लावलेली. मंग नावंच आठवत नाही."

परतताना सिग्नलला थांबले असताना एक गोष्ट हळूहळू उलगडत गेली. प्रहसनासाठी महिनाभर मी जुन्या कार्यक्रमांच्या व्हिडिओंत काकांना न्याहाळलं होतं: श्वास कुठे घेतात, कागदाची घडी कोणत्या हाताने उलगडतात, कुठल्या नावावर आवाज किंचित खाली येतो. इतक्या जवळून त्यांच्याकडे या शहरात बहुधा कुणीच पाहिलं नसेल. आणि त्या अख्ख्या महिन्यात, त्यांना काही विचारावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं.