दीपगृहावरून मारलेली हाक

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा अर्धं ऑफिस तिकडे गेलं, मी भंडाऱ्यातच फायली उपसत राहिलो... माझ्याइतका रुक्ष माणूस शोधून सापडणार नाही, असं बायको म्हणते.

माझी आत्या पलीकडे कारध्याला, वैनगंगेच्या काठावर एकटी राहते. तिचे यजमान, आमचे मामाजी, डोंगा घेऊन मासे धरायला गेले ते पुरात परतलेच नाहीत. देहही सापडला नाही. दर पावसाळ्यात पाणी तिच्या ओट्याला लागतं आणि इकडे माझ्या जिवाला घोर. पण ती घर सोडेना. एका वर्षी कसंबसं पटवलं - कोकण फिरून आलो की सामान घेऊन माझ्याकडे यायचं.

कोकणात इंग्रजांच्या काळातलं एक दीपगृह आहे, संध्याकाळी लोकांना वर जाऊ देतात. गुडघ्यांना शिव्या घालत आत्या वर पोचली आणि तेवढ्यात दिवा लागला.

आमच्याकडे डोंगा परतला नाही की घाटावर बांबूला कंदील टांगायचे आणि घरची बाई गावाचं नाव घेऊन हाक मारायची. नवऱ्याचं नाव कसं घेणार? आत्या दिव्याकडे बघत म्हणाली, "एवढा मोठा कंदील लावला, अन् हाक काहून नाही मारत कोणी?"

"तूच मार," मी चेष्टेनं म्हटलं.

तिनं कठडा धरला. "कारधाऽऽ..."

खालून, पाण्यातून, डोंग्यावर बांबू आपटल्याचा आवाज आला. मग पुरुषाचा - "येऊन राहिलो वोऽऽ..."

वरच्या रखवालदारानंही ऐकलं होतं. "तुमचं कोण आहे खाली? तिथे नुसते खडक आहेत, होडी लागत नाही." मी धावत उतरून पाहिलं. लाटांशिवाय काही नव्हतं. आणि कोकणात 'येऊन राहिलो' म्हणतं कोण?

आत्या मात्र शांत होती. "आता मले घर सोड म्हणू नोको, बापू."

मित्र म्हणतात, वारा असेल, भास असेल. असेलही... मला काही सांगता येत नाही. मागच्या पुरात तिला आणायला गेलो. पाणी ओट्याला लागलं होतं, ती दारात बसलेली. 'चल' म्हणायलाच आलो होतो, पण तिच्या शेजारी बसलो आणि मीही नदीकडे कान लावला.