वळणावरचे पाच ठोके

सगळ्यात आधी नाव लिहून टाकतो, नाहीतर लिहिण्याच्या नादात राहून जाईल — रोत्याभाऊ. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला भिल्ल माणूस. आज मी जिवंत आहे तो त्याच्यामुळे. त्याच्यामुळे, की आणखी कुणामुळे... तेच मला सांगता येत नाही.

मी शहाद्याजवळच्या कळसाडीचा. मराठी चौथीत शाळा सुटली, तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं. सध्या इथे लांब आसामात, तेलाच्या विहिरींवर लॉरी चालवतो. रस्ता म्हणजे चिखलावर आडव्या टाकलेल्या फळ्या, दोन्ही अंगांना लोखंडी नळ, आणि वीतभर जागेतून लॉरी मागे घ्यायची. मागे घेताना मी रोज पाठीकडे कान लावून बसतो. कशासाठी, ते पुढे येईलच.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात कुणाला कपाशीत काही दिसलं की हसणाऱ्यांत मी पहिला!

इंग्रज-जर्मन लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी एका ठेकेदाराची लॉरी चालवत होतो — वरच्या जंगलात सागाचे ओंडके भरायचे, खाली खापर गावच्या वखारीत उतरवायचे. घाटात एक वळण असं होतं की भरलेली लॉरी एका दमात वळायचीच नाही. पुढे डोंगर, मागे दरी. थोडं पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. ओंडके मागून चार हात बाहेर आलेले, त्यामुळे मागचं मला काही दिसत नसे. म्हणून रोत्या मागे उभा राहायचा आणि कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने ओंडक्याच्या तोंडावर ठोकायचा. एक ठोका — ये. लागोपाठ दोन — थांब. ओंडक्याचं दुसरं टोक थेट माझ्या पाठीशी. इंजिनाच्या आवाजात माणसाची हाक बुडते, पण लाकडातून आलेला ठोका पाठीला लागतो.

त्या वळणावर दगडांचा एक ढीग होता. डोंगरातली माणसं तिथून जाताना एक दगड ठेवतात. का, ते विचारलं तर नीट सांगत नाहीत. रोत्या प्रत्येक खेपेला ठेवायचा. आणि मी? लॉरीचा हँडब्रेक ढिला, चाकामागे दगड लावावा लागे, तो मी त्याच ढिगातून उचलायचो!

"ए रोत्या, तुन्हा देवनी माले आयताच दगड दिधा!"

तो वयाने माझ्या काकाएवढा, पण मी असाच बोलायचो. तो चाकामागचा दगड काढून परत ढिगावर ठेवायचा, वर स्वतःचा एक.

"तू लेस, मी देस," एवढंच म्हणायचा. "चाल डायवर."

चैत्रातली दुपार होती. शेवटचा ओंडका चढवताना साखळी सुटली आणि तो ओंडका रोत्याच्या पायावर आला. गुडघ्याखाली धड काही उरलंच नव्हतं... ते लिहीत नाही.

मी ठेकेदाराच्या मुनशीला म्हणालो, "मांगे उभा ऱ्हावाले एक मानूस दे."

"मानूस कथाईन लयू? सगळा वर कूपमा लाकडं तोडाले जायेल शेतस. लोड उतारशी ते दिन बुडी जाई. तशीच ली जाय."

रोत्याला शेजारी बसवलं, माझं उपरणं फाडून पाय बांधला आणि भरली लॉरी घेऊन निघालो. प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा आणि मी माफी मागायचो. वळण आलं. लॉरी गिअरमध्ये टाकून मी खाली उतरलो, मागे जाऊन पाहिलं. मागे कुणी नसताना हे जमणार नव्हतं. सवयीने ढिगातला एक दगड उचलला, तेवढ्यात केबिनमधून आवाज आला.

"डायवर... ठेव तो."

"तुन्हा पाय पाहाय आधी! दगडनं काय लई बसना!"

"ठेव. मन्हा बी ठेव. माले उतरता नही येस."

मला रडू आलं. मरत्या माणसाचं मन मोडू नये म्हणून दोन दगड ठेवले — एक त्याचा, एक माझा. माझा पहिलाच. चाकामागे काही न लावता वर चढलो. रिव्हर्स टाकला, क्लच सोडवेना.

ठक.

पाठीला लागला. कुणी लाकूडतोड्या आला असेल, देव पावला, असं वाटलं. मी मागे घेतलं. ठक. आणखी घेतलं. ठक. माझ्या अंदाजाने अजून दोन हात जागा होती, तोच — ठकठक!

रोत्याने माझं मनगट धरलं. "थांब म्हनी ऱ्हायना."

म्हणजे ते त्यालाही ऐकू आलं होतं. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, पुढे घेतलं... लॉरी वळली. खाली सपाटीला थांबवून मी आभार मानायला धावत मागे गेलो. वळणावर कुणी नव्हतं. हाका मारल्या. धुळीत माझ्याच चपला उमटलेल्या, दुसरं पाऊल नाही. टायरच्या खुणेपासून दरीपर्यंत चार बोटं माती होती, आणि तीही तडकलेली.

परत येऊन ओंडक्यांची तोंडं पाहिली. लोड त्याच दुपारचा. रोत्याची कुऱ्हाड त्याला लागलीच नव्हती. एका तोंडावर पाच ताजे व्रण होते. हमालांच्या कुऱ्हाडींचे असतील. असतीलही...

केबिनमध्ये विचारलं, "कोन व्हता तठे?"

"रोज देस ना मी त्याले," रोत्या म्हणाला आणि डोळे मिटले.

खापरहून बैलगाडी, तापीवर नाव, नंदुरबारहून आगगाडी — दुसऱ्या दिवशी चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात पोचलो. तिथे त्याचा जीव वाचला. पाय मात्र कापावा लागला.

मुनशीने पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. आसामला निघण्याआधी मी त्याच्या पाड्यावर गेलो, सडकेपासून चार कोस चढ. तो झोपडीच्या दारात बसला होता. भाजलेला मका पुढे केला आणि विचारलं, "आते दगड कोन ठेवस?"

मी म्हणालो, "मी ठेवस." दोन दिवसांनी निघणार होतो, तरी म्हणालो.

परवा घरून पत्र आलं. नव्या ड्रायव्हरने तो ढीग उपसून सडकेचे खड्डे भरले म्हणे. एक दगड शिल्लक नाही. पाड्यापर्यंत सडक होणार नाही, रोत्याभाऊला पाय फुटणार नाही, आणि मला इथून सुट्टी मिळेल असं दिसत नाही. इथे मागे घेताना पाठीला काही लागत नाही. कोण होतं, का आलं, मला आजही ठाऊक नाही.

पण रोत्याभाऊ, कधीतरी परत येईन. तुला पाठीवर घेऊन चार कोस उतरेन आणि त्या वळणावर खाली ठेवीन. पहिला दगड तू ठेव. मी ढिगातून उचलले तेवढे सगळे त्यानंतर मी ठेवीन.